कपाटाचा टी-शर्ट

आमच्या घरात टी-शर्टाला तोटा न्हाई, बापाला हाय. हसू नका, खरं तेच सांगते. पलंगाखाली जांभळ्या टी-शर्टांची पोती, माळ्यावर टोप्या, न्हानीच्या दाराला पडदा म्हनून जांभळं उपरनं. आई फरशी पुसती ती टी-शर्टानं आन पिठाची गिरनी झाकती ती फ्लेक्सनं. मागच्या उन्हाळ्यात तिनं गच्चीवर फ्लेक्स पसरून त्याच्यावर कुरडया घातल्या, तर काकासाहेबांच्या दोन्ही गालांवर एकेक कुरडई बसली. आमी दोघी पोट धरून हसलो. पप्पा असते तर चिडले असते, पन पप्पा नव्हते.

काकासाहेब म्हंजी आमच्या भागातले पुढारी. त्यांची आघाडी हाय, आन आघाडीची निशानी हाय कपाट. घरातलं, दोन दारांचं, साधं लोखंडी कपाट. ते प्रत्येक टी-शर्टच्या छातीवर पांढऱ्या रंगात छापलेलं. माझे पप्पा, वाल्मिकभाऊ, हे काकासाहेबांचा उजवा हात. उजवा हात म्हंजी काय, तर गाडी चालवायची, मंडप घालून घ्यायचा, सभेला मानसं आनायची, कोनाचा पेशंट नगरला ॲडमिट करायचा, कोनाचा पाव्हना शिर्डीच्या विमानतळावरनं घेऊन यायचा. राहुरीला काकासाहेबांचं संपर्क कार्यालय हाय. पप्पा तिथंच राहतात, तिथंच झोपतात.

राहुरी काय अमेरिकेत न्हाई. आमच्या देवळालीत बसमध्ये चढलं आन कंडक्टरनं सुट्टे द्यायला जरा वेळ लावला की राहुरी येती. तरी पप्पा घरी येनार ते पाव्हन्यावानी. आंघोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, उभ्या-उभ्या चहा. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो आन पप्पा चपलात पाय घालत पळतात. सगळं गाव म्हनतं, वाल्मिकभाऊ म्हंजी देवमानूस, हाक मारली की हजर. खरं हाय ते. फक्त आमच्या हाकेला त्यांचा फोन बिझी असतो.

मला राग येतो का? लई येतो. इतका येतो की ते आले की बोलायचंच न्हाई असं मी ठरवून ठेवते. आन मंग गल्लीच्या तोंडाला गाडी दिसली की सगळ्यांच्या आधी मीच दारात. काय करनार. मला ते पाहिजेत. मला ते अख्खे पाहिजेत, एका जागी बसलेले, कानाला फोन नसलेले.

तर आता शाळेचं ऐका. आमची शाळा गावाच्या बाहेर, उसाला लागून. मी दहावीला. मुलींना आकाशी कुर्ता, पांढरी सलवार आन पांढरी ओढनी, एवढाच गणवेश. हेडबाई म्हंजी विजयाबाई. नगरहून बदलून आलेल्या, साडीची चुनी मोडनार न्हाई आन शब्द मोडू देनार न्हाई. ह्या निवडनुकीचं वारं सुटलं तशी पोरं गणवेशावर उपरनी घालून यायला लागली. इकडं कपाटवाले, तिकडं दुसऱ्या आघाडीचे नारळवाले. मधल्या सुट्टीत घोषना. एक दिवस घोषनांवरनं हातघाईवर आले, एकाचा दात पडला आन एकाचं मनगट मोडलं. ज्यांच्यासाठी भांडले ते दोघं पुढारी त्याच संध्याकाळी एका लग्नात एका पंगतीला बसून जेवत हुते. ते आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर आलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला विजयाबाईंनी नियम सांगितला. कुठल्याही पक्षाचा टी-शर्ट, टोपी, उपरनं, बिल्ला, कंपासपेटीवरचं स्टिकरसुद्धा चालनार न्हाई. जो घालून येईल त्याच्या वडलांनी शाळेत यायचं.

"आई नाही, मामा नाही, शेजारचे काका नाहीत," बाई म्हनल्या. "हे कपडे कुणी दुकानातून आणत नाही. ते वडिलांच्या पिशवीतून घरी येतात. ज्यांनी आणले, त्यांनीच येऊन ऐकायचं. ज्यांना वडील नाहीत त्यांचं मी बघेन."

बाईंना आमची घरं बरोबर कळलेली. आमच्याकडं शाळेत बोलावलं की आईच जाती. बाप जातो तो मतदानाला, तेवढंच त्याला शाळेचं तोंड दिसतं.

मी तेव्हा काही मनावर घेतलं न्हाई. मला जांभळ्या रंगाचाच कंटाळा. पन त्याच आठवड्यात आमच्या वर्गातला फैयाज नारळाची टोपी घालून आला, उगं मस्ती म्हनून. बाईंनी त्याला हापिसाबाहेरच्या बाकावर बसवलं आन त्याच्या अब्बाला फोन लावला. कादरचाचा उसाच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग करतात. सीझन जोरात, ट्रॉल्यांची रांग लागलेली, म्हनून वाटलं काय येत न्हाईत. तर मानूस काम टाकून आला, चष्मा तसाच कपाळावर चढवलेला, हातावर काळं.

माझी जागा खिडकीपाशी. तिथनं हापिसाबाहेरचा बाक समोरच दिसतो. कादरचाचा आत गेले, बाईंचं ऐकून घेतलं, मान खाली घालून बाहेर आले. आता फैयाजला वाजवनार असं आमाला सगळ्यांना वाटलं. त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली, आन त्याच्या शेजारी बाकावर बसले. काहीतरी बोलले, लई हळू. मंग वाकून त्यांनी फैयाजच्या बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून बघितलं. "तंग होते हैं क्या रे?" एवढं मला ऐकू आलं. फैयाजनं मान हलवली. घंटा होईपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले, एका बाटलीतलं पानी पीत.

मला एकदम भरून आलं. गणिताचा तास, गोरक्षनाथ सर फळ्यावर वर्तुळ काढत हुते, आन माझ्या डोळ्यातनं पानी. फैयाजच्या बुटाचा मला हेवा वाटला. आठवून बघितलं तर माझ्या पायाचं माप पप्पांना माहीत असायचं काही कारनच नव्हतं. तिथंच मी ठरवलं. आमच्या घरात टी-शर्ट पोत्यानं हायेत. एक घालायचा.

आन बाईंनी बोलावलं की पप्पा येनार, ह्याची मला खात्री हुती. गावातल्या कोनाही ऐऱ्यागैऱ्यासाठी धावनारा मानूस, शाळेनं बोलावल्यावर न्हाई म्हनंल का?

नुसतं यायचं एवढंच नव्हतं मनात. आमच्या गेटमधून आत आलं की समोर मोठा फळा हाय. त्याच्यावर रोजचा सुविचार आन दिनविशेष मी लिहिते. विजयाबाईंनीच मला दिलंय ते काम. माझं अक्षर छापल्यासारखं हाय, हे मी न्हाई, गावातले लोक म्हनतात, दूध घालायला जानारे थांबून वाचतात. वाचलं न्हाई ते फक्त पप्पांनी. म्हनलं, ते आले की आधी फळ्यापाशी थांबतील, विचारतील हे कोनी लिहिलं. मंग मी सांगनार. मंग बाकावर बसू.

सोमवारी मी कुर्त्यावरनं जांभळा टी-शर्ट चढवून गेले. लार्ज मापाचा, गुडघ्यापर्यंत येनारा, छातीवर कपाट. वर्गात दंगा. मागनं कोनीतरी म्हनलं, अगं दार उघड, माझी वही ठेवायची हाय. गोरक्षनाथ सर गरीब मानूस, त्यांना कटकट नको. म्हनले, मनवा, वरनं स्वेटर घाल बाई, मी काही बघितलं न्हाई. मी म्हनले, सर, गरम हुतंय. डिसेंबरात. सरांनी माझ्याकडं बघितलं, सुस्कारा सोडला आन हापिसात पाठवलं.

विजयाबाईंना पटंना. फळा लिहिनारी मुलगी, कधी उशिरा न्हाई, कधी उलट बोलनार न्हाई. त्यांनी विचारलं कोनी जबरदस्ती केली का. मी म्हनले न्हाई. काढून ठेव म्हनल्या, मी म्हनले न्हाई. मंग त्यांनी माझ्यासमोर पप्पांना फोन लावला. पप्पांचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू येत हुता, मागं लाऊडस्पीकरचं टेस्टिंग चाललेलं. "हो मॅडम, हो हो, उद्या सकाळी आलोच." मला उड्या माराव्या वाटल्या.

मंगळवारी मी बाकावर जाऊन बसले. एका टोकाला, म्हंजी दुसऱ्या टोकाला जागा राहील. गेटकडं बघत बसले. दुधाची गाडी आली, पोस्टमन आला, बाजूच्या वस्तीवरची एक शेळी आली. पप्पा आले न्हाईत. बुधवारी परत टी-शर्ट, परत बाक. बाईंनी परत फोन लावला, तर उचललाच न्हाई.

गावात गोष्ट राहते थोडीच. दळन घेऊन आलेल्या बायकांनी आईच्या कानावर घातलं. बुधवारी घरी गेले तर आई गिरनी बंद करून दारात उभी. आधी तिनं मला बोलून घेतलं, दहावीचं वर्ष हाय, पोरीनं असं चव्हाट्यावर यायचं का, बापाचं येड काय कमी हाय का घरात. मंग तिनं विचारलं, ह्यातनं तुला मिळनार काय?

मी म्हनले, "पप्पा शाळेत येतील."

आईचे हात पिठानं पांढरे झाल्ते, ते तिनं पदराला पुसले, परत पुसले. मंग माझ्याशेजारी पायरीवर बसली आन सांगायला लागली. तू लहान हुतीस, म्हनली, तवा ते कितीतरी दिवस घरी आले नव्हते. गावात सभा हुती. म्हनलं स्टेजवर तरी दिसतील, म्हनून मी नवी साडी नेसून बायकांच्यात पुढं जाऊन बसले. सभा संपस्तोवर बसले. तर हे स्टेजच्या मागं जनरेटरपाशी. माझ्याकडं पाठ करून.

"सोड नाद," ती म्हनली. "मानूस असा बोलावून येत न्हाई."

मला तिचा राग आला. वाटलं, तू हात टेकलेस म्हनून मी पन टेकायचे का?

आन त्याच संध्याकाळी पप्पांचा फोन आला. आईच्या न्हाई, गिरनीच्या न्हाई, माझ्या मोबाईलवर. "मनू बाळा," म्हनले. किती दिवसांनी कोनी मला मनू म्हनलं असंल! म्हनले, मॅडमचे मिसकॉल बघितले, आता मला नीट सांग, काय झालं. मी सांगायला लागले. पप्पा मधी मधी विचारत हुते. बाई नक्की काय म्हनल्या? कपाट काढून ठेव म्हनल्या का टी-शर्ट काढून ठेव म्हनल्या? बाकावर बसवलं? उन्हात का सावलीत? नारळवाल्या पोराला पन बसवलं हुतं का? आन त्याला लवकर सोडलं का? एवढं बारीक पप्पांनी मला आजवर कधीच विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. सावली असते हे पन सांगितलं, पन तेव्हा ते कोनाशी तरी बोलत हुते, त्यांना ऐकू गेलं का न्हाई काय माहीत. शेवटी म्हनले, "उद्या मी येतो. शंभर टक्के येतो. तू तोच टी-शर्ट घाल."

त्या रात्री मी टी-शर्टला इस्त्री केली. आई बघत हुती. सकाळी मी सगळ्यांच्या आधी शाळेत गेले आन फळा असा लिहिला की काय सांगू. चार रंगांचे खडू वापरले. सुविचाराभोवती वेलबुट्टी काढली. खाली बारीक अक्षरात लिहिलं, फलकलेखन मनवा वाल्मिक. एरवी मी नाव लिहीत न्हाई.

प्रार्थना झाली, पहिला तास झाला. आन मंग हॉर्न वाजला. तोच हॉर्न, मी झोपेत पन ओळखीन. मी बाकावरनं उठून उभी राहिले.

पन एक हॉर्न थांबला तर दुसरा वाजला, मंग तिसरा. गेटमधनं काकासाहेबांची पांढरी गाडी आली, काकासाहेब न्हाईत, पप्पाच उतरले, तिच्यामागं अजून गाड्या, त्यांच्यामागं टेम्पो, टेम्पोवर स्पीकर. जांभळी उपरनी घातलेली मानसं उड्या मारून उतरली. आमच्या गावातली काही, बाकीची मी कधी बघितली नव्हती. टेम्पोतनं दोघांनी एक फ्लेक्स काढला. बांधायला जागा शोधली, समोर फळा दिसला, त्यांनी फळ्यावरच बांधला. माझं अक्षर, वेलबुट्टी, नाव, सगळं झाकलं गेलं. फ्लेक्सवर लिहिलेलं, विद्यार्थिनीवर अन्याय करणाऱ्या शाळा प्रशासनाचा जाहीर निषेध.

अन्याय कोनावर, हे मला पटकन कळंना. मंग कळलं, माझ्यावर.

पप्पा माईक घेऊन टेम्पोच्या कडेला उभे राहिले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. सगळ्या खिडक्यांत पोरं. पप्पा बोलायला लागले, आन खरं सांगते, मी पप्पांना बोलताना पहिल्यांदाच ऐकत हुते. एरवी ते जनरेटरपाशी असतात. आज त्यांना माईक मिळाल्ता.

"ही माझी एकुलती एक मुलगी," ते म्हनले आन माझ्याकडं हात केला. "माझ्या काळजाचा तुकडा. रात्रंदिवस जनतेची सेवा करताना मला फक्त हिचा चेहरा आठवतो. नववीत शिकणारी ही कोवळी पोर, तिला या लोकांनी तीन दिवस उन्हात बसवलं."

टाळ्या पडल्या. फैयाज खिडकीतनं माझ्याकडं बघत हुता, त्यानं हळूच मान खाली घातली. सगळ्या शाळेला माहीत हुतं मी दहावीला हाय. काळजाचा तुकडा ऐकून मला धावत जाऊन त्यांना बिलगावं वाटलं आन नववी ऐकून तोंड लपवावं वाटलं. दोन्ही एका दमात झालं, मला नीट रडता पन येईना.

विजयाबाई बाहेर आल्या. एकट्या. त्यांनी फ्लेक्स वाचला, टेम्पो बघितला, मंग माझ्याकडं बघितलं. माझ्या टी-शर्टवर इस्त्रीची घडी हुती, ती बघितली. बाई हुशार हायेत. त्यांना त्या क्षनी सगळं कळलं असंल असं मला वाटतं. त्या पप्पांजवळ गेल्या आन शांतपने म्हनल्या,

"वाल्मिकराव, दोन मिनिटं आत या. नियमाचं नंतर बघू. मला तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय."

"जे काय बोलायचं ते सगळ्यांसमोर बोला मॅडम," पप्पा माईकवरनं म्हनले. परत टाळ्या.

मी पुढं गेले. गर्दीतनं वाट काढत टेम्पोपाशी गेले आन त्यांच्या शर्टाची बाही धरली. "पप्पा, आत जा ना," मी म्हनले. "बाई चांगल्या हायेत. त्यांनी मला सावलीत बसवलं हुतं. तुमी नुसतं आत जाऊन बसा. माझ्यासाठी."

पप्पांनी माईकवर हात ठेवला, वाकले, माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. त्यांच्या हाताला अत्तराचा वास येत हुता. क्षनभर मला वाटलं, उतरले. पन समोर एक जन मोबाईल धरून शूटिंग करत हुता, तो म्हनला भाऊ, असंच थांबा, हात डोक्यावरच राहू द्या. पप्पा तसेच थांबले.

पुढचं लवकर झालं. संस्थेच्या अध्यक्षांचा बाईंना फोन आला. बाई व्हरांड्यात उभ्या राहून ऐकत हुत्या. हो सर, म्हनल्या. मुलांची मारामारी झाली होती सर, म्हनल्या. मंग बराच वेळ नुसतंच ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, ते मी जवळनं बघितलं. फोन ठेवून त्या पुढं आल्या आन म्हनल्या की कपड्यांबद्दलचा नियम मागं घेतलाय, ह्यापुढं ह्या कारनासाठी कुठल्याही पालकाला बोलावलं जानार न्हाई. एवढं बोलून त्या मागं वळल्या. जांभळ्या मानसांनी कपाटाच्या नावानं घोषना दिल्या. फटाक्यांची माळ कोनीतरी आधीच आनलेली, ती लावली.

पप्पा टेम्पोवरनं उतरले तेव्हा त्यांचा चेहरा इतका खूश हुता की मला त्यांच्यावर चिडता येईना. मानसानं फसवलं तर चिडता येतं. पप्पांनी फसवलं नव्हतं. त्यांना त्यांच्या परीनं जेवढं देता येत हुतं तेवढं सगळं ते गाड्यांत भरून घेऊन आल्ते.

"बघितलंस?" ते म्हनले. "माझ्या पोरीला कोन अडवतंय आता. खूश हायेस ना? तुझ्यासाठीच केलं सगळं."

मी म्हनले, "पप्पा, जरा बसता का? इथं बाकावर. नुसतं बसू."

"बसलो असतो गं," ते म्हनले, आन खरंच त्यांनी बाकाकडं बघितलं. "पन राहुरीत पत्रकार थांबलेत. काकासाहेबांनी स्वतः फोन केला, म्हनले वाल्मिक, गाजवलंस. माझ्याबद्दल असं ते पहिल्यांदा बोलले बघ." हे सांगताना त्यांचा आवाज जरा कापला. मला तेव्हा कळलं की त्यांना पन कोनाच्या तरी हाकेची वाट बघायची सवय हाय, आन ती हाक आमच्या घरातनं येत न्हाई.

हॉर्न वाजला. त्यांनी टेम्पोतनं नव्या टी-शर्टांचा एक गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. मैत्रिणींना वाट, म्हनले, आता रोज घाल. आन पळाले. गाड्या गेल्या, मागं फटाक्यांचा धूर आन लाल कागदाचा कचरा राहिला. फ्लेक्स सोडायचं त्यांच्या ध्यानात राहिलं न्हाई.

पोरं वर्गात गेली. मी गठ्ठा घेऊन तिथंच उभी. बाई म्हनलेल्या ते शब्द मला तेव्हा कुठं नीट ऐकू आले. ह्यापुढं कुठल्याही पालकाला बोलावलं जानार न्हाई. पप्पांनी मला जिंकून दिलं हुतं, आन त्या जिंकन्यात शाळेतनं त्यांना बोलावायची एकुलती एक वाट बंद झाल्ती.

मी हापिसात गेले. विजयाबाई खुर्चीत बसल्या हुत्या, समोरचा चहा तसाच. मी दारात उभी राहून टी-शर्ट डोक्यातनं काढला, घडी घातली आन गठ्ठ्यावर ठेवला. खाली माझा आकाशी कुर्ता हुता.

"आता कशाला काढतेस?" बाई म्हनल्या. आवाजात राग नव्हता, थकवा हुता. "आता तर परवानगी आहे."

मला सांगायचं हुतं की मी हे तुमाला खाली बघायला लावायला केलं न्हाई. मला फळ्याचं सांगायचं हुतं, फैयाजच्या बुटाचं सांगायचं हुतं. त्यातलं काहीच तोंडातनं निघंना. जे आत सगळ्यात खाली हुतं तेवढंच बाहेर आलं.

"बाई," मी म्हनले, "आता मी काय केलं म्हंजी तुमी त्यांना बोलवाल?"